दोन सीटची गाडी

थंडीच्या दिवसांत, शनिवारी सकाळी, जबल अलीच्या बाजूला शेख झायेद रोडलगत एखाद्या कॅफेपाशी तुम्ही चहाला थांबला असाल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचे आहे. पार्किंगमध्ये ओळीने उभ्या असलेल्या लाल, पिवळ्या, राखाडी स्पोर्ट्स कार. शेजारी कागदी पेल्यात करक घेऊन गप्पा मारणारे मालक. (आपल्या ‘कडक’चाच हा इथला ‘करक’.) आणि त्या गाड्यांच्या काचांना नाक लावून आत पाहणारी सात-आठ वर्षांची पोरे, त्यातले एक आपले.

आपण लांबूनच ओरडतो, “हात लावू नकोस रे!”

मालक हसतो, दार उघडतो आणि त्याला म्हणतो, “ये, बस.” पोरगे आत बसते, स्टिअरिंग धरते, तोंडाने आवाज काढते. आपण संकोचून दहा वेळा “थँक्यू” म्हणतो आणि घाईघाईने त्याला बाहेर काढतो. त्या दोन मिनिटांत पोराला काय मिळाले, याचा विचार आपण सहसा करत नाही. तो करावा म्हणून थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात जिथे आपण उभे आहोत तिथूनच करू. पन्नास वर्षांपूर्वी जबल अली म्हणजे वाळू आणि समुद्र. शेख रशीद यांनी इथे बंदर खणायला घेतले, तेव्हा एवढ्या मोठ्या बंदरात येणार कोण, असे विचारणारे पुष्कळ होते. १९७९ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९८५ मध्ये शेजारी फ्री झोन आला. आज या बंदरात मोटारींची जहाजे लागतात. त्यांतल्या गाड्या क्रेनने उचलत नाहीत. जहाजाचा उतार खाली टेकतो आणि ड्रायव्हर एकेक गाडी चालवत धक्क्यावर आणतात. तुमच्या पोराने ज्या गाडीच्या काचेला नाक लावले, तीही कदाचित याच धक्क्यावर पहिल्यांदा या देशाच्या जमिनीला टेकली असेल.

या शहराला वेगाची हौस मात्र उंच इमारतींच्या आधीची आहे. देशाच्या स्थापनेला दहा वर्षे झाली तेव्हा, १९८१ च्या डिसेंबरात, देरामध्ये हयात रीजन्सी हॉटेलच्या परिसरात तात्पुरता ट्रॅक आखून मोटारींच्या शर्यती भरवल्या होत्या. त्याला हुआन मान्युएल फांजिओ आणि स्टर्लिंग मॉस यांच्यासारखी मंडळी आली होती. कायमचा ट्रॅक यायला पुढे बरीच वर्षे लागली. दुबई ऑटोड्रोम २००४ मध्ये सुरू झाला आणि अबुधाबीच्या यास बेटावर पहिली फॉर्म्युला वन शर्यत २००९ मध्ये झाली. २०१३ मध्ये तर दुबई पोलिसांनीच ताफ्यात लॅम्बोर्गिनी आणली. चोर पकडण्यापेक्षा लोकांत मिसळण्यासाठीच ती जास्त उपयोगी पडते. पोलिसाच्या गाडीशेजारी पोरांनी हसत फोटो काढावा, हे आपल्या लहानपणी आपल्याला कुणी सांगितले असते तर पटले असते का?

आता आपल्या मुंबईला येऊ. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत. तिथे कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचे घर. त्या घराजवळ एक ड्राइव्ह-इन थिएटर होते. लोक गाडी घेऊन यायचे आणि गाडीत बसूनच सिनेमा पाहायचे. तेंडुलकरांचा धाकटा मुलगा भावाबरोबर बाल्कनीत उभा राहून तासन् तास त्या गाड्या पाहायचा. ही आठवण सचिनने स्वतःच सांगितली आहे. मोठेपणी त्याने घेतलेली पहिली गाडी मारुती ८००.

२००२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावे कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. त्या जुलैत सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरने तिच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. पुढची कथा तुम्हाला आठवत असेल. आयात शुल्काची माफी, त्यावरून उठलेला गदारोळ, कोर्टकचेरी आणि अखेर एक कोटीहून अधिक शुल्क कंपनीने भरणे. घराघरांत वाद झाले. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली गेली.

त्या गदारोळात गाडीची किंमत सगळ्यांना पाठ झाली. तिचे इंजिन कुठे असते, हे किती जणांनी विचारले? ते पुढे नसते, सीटच्या मागे असते. आणि या गाडीत ते मागच्या काचेतून बाहेरूनही दिसते. आठ सिलिंडर, ३.६ लिटर. वजन दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये आलेले, म्हणून वळणावर गाडी चटकन वळते. एखाद्या पोराला हे काचेतून दाखवले, तर त्याला पदार्थविज्ञानाचा एक धडा फुकट मिळतो.

२०१२ मध्ये आपल्या राजेश मापुसकरांनी ‘फरारी की सवारी’ हा चित्रपट काढला. त्यातला आरटीओतला साधा कारकून मुलाला क्रिकेटसाठी लॉर्ड्सला पाठवता यावे म्हणून सचिनची फेरारी गुपचूप घेऊन जातो. लोकांना तो आवडला, कारण त्या गाडीत सामान्य घरातले पोरगे बसू शकते ही कल्पनाच गोड होती.

खऱ्या रस्त्यावर मात्र ते इतके सोपे नाही. अमिरातीत २०१७ च्या वाहतूक नियमांनुसार पुढच्या सीटवर बसणारा किमान दहा वर्षांचा आणि १४५ सेंटिमीटर उंचीचा असावा लागतो. स्पोर्ट्स कारला बहुधा दोनच सीट, आणि दोन्ही पुढच्याच. म्हणजे मालक कितीही दिलदार असला, तरी तुमच्या आठ वर्षांच्या पोराला तो फेरी मारून आणू शकत नाही, आणि आणूही नये. कुणी आग्रह केला तर तुम्हीच हसून नको म्हणा. वेगाची हौस ज्या वयात लागते, त्याच वयात पट्टा आणि मर्यादाही शिकायला हव्यात.

मग उरते ते दार उघडून दाखवणे. ते कमी वाटते, पण बाल्कनीतल्या मुलाला तेवढेही मिळाले नव्हते. दुरून पाहण्यावर त्याची हौस टिकली. तुमच्या पोराला इथे बाल्कनीवरून थेट गाडीपाशी जाता येते. अडचण एवढीच, की आपल्या घरांत गाडीचे बोलणे दोनच वाक्यांत संपते: “केवढ्याची असेल?” आणि “आपल्याला काय करायचंय?” पहिल्याने पोरगे किमतीपाशी थांबते, दुसऱ्याने दाराबाहेर. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना पहिला प्रश्न आपोआप येतो. इथे प्रत्येक गोष्टीवर किमतीची चिठ्ठी असते. तो प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारायला शिकवणे हे काम आपले.

म्हणून सुचवतो. पुढच्या शनिवारी पोराला घेऊन जा, पण ओरडू नका. त्याला आधीच सांगून ठेवा: हात लावण्याआधी विचारायचे, अंगठी-किल्ली काचेला लागू द्यायची नाही, चिखलाचे बूट आत न्यायचे नाहीत. मग त्यालाच विचारू द्या, “अंकल, इंजिन कुठे आहे?” बहुतेक मालक या प्रश्नाची वाटच पाहत असतात. मॉडेलचे वर्ष विचारणारे त्यांना रोज भेटतात, इंजिन दाखवा म्हणणारे पोरगे क्वचितच. आणि हौस फारच वाढली, तर जबल अलीहून ऑटोड्रोम फार लांब नाही. तिथे मुलांसाठी गो-कार्ट आहेत. हेल्मेट घालून, ब्रेक कधी दाबायचा हे शिकून, सीमा आखलेल्या ट्रॅकवर तो वेग स्वतःच्या हातांनी अनुभवू शकेल.

घरी परतताना गाडीत तुम्ही गप्प राहा. तो बोलेल. मागच्या सीटवरून, पट्टा लावून, सीटच्या मागे असलेल्या इंजिनाबद्दल तो तुम्हाला समजावून सांगेल, आणि त्यात थोडे चुकेलही. त्या दिवशी ते दुरुस्त करू नका.