जहाज कोणाचे?

मंडळी, मागच्या खेपेस आपण सिंधुदुर्गापाशी थांबलो होतो. आज थोडे उत्तरेला, विजयदुर्गाकडे जाऊ.

या किनाऱ्यावर व्यापाऱ्याला कागद दाखवावे लागत, ते सोळाव्या शतकापासून. पोर्तुगिजांच्या कार्ताझमध्ये नाखवा कोण, जहाज केवढे, शस्त्रे किती, जाणार कुठे, हे सगळे लिहिलेले असे. तुर्कांना चढवायचे नाही, हीही अट. म्हणजे लिस्बनचे वैर आमच्या नाखव्याने आपल्या कागदावर वाहायचे! कार्ताझ नसला तर जहाज जप्त.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक चालवले. इंग्रज म्हणाले, आमचे निशाण असले की पुरे. खरी मेख इथेच आहे. सुरतेच्या दलालाचे 'सक्सेस' जहाज इंग्रजी निशाणाखाली चालले होते. आंग्र्यांनी ते धरले. निशाण इंग्रजांचे, पैसा दलालाचा, मग जहाज कोणाचे? अशा जप्त्यांवरून तंटा वाढला. १७१७ मध्ये गव्हर्नर बूनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला.

आम्हाला आंग्र्यांची बाजू पटते, पण सगळी नाही. दस्तकात वसुलीही होती. हे आपण इकडची माणसे सहसा बोलत नाही.

एप्रिल २०२० मध्ये भारत सरकारने प्रेस नोट ३ काढली. जमिनीची सीमा भिडलेल्या देशातून गुंतवणूक आली, किंवा तिचा खरा लाभधारक तिथला असला, तर आधी सरकारची परवानगी. पैसा सिंगापूरच्या नावाने आला तरी मागे कोण, ते सांगायचे. २०२३ मध्ये सेबीने, काही अपवाद सोडून, एकाच उद्योगसमूहात निम्म्याहून अधिक रक्कम घातलेल्या परदेशी फंडांकडे शेवटच्या माणसापर्यंतची नावे मागितली.