अवतरणचिन्हांतली बातमी : ब्रसेल्सच्या एका खटल्याचा इतिहास

समीक्षक एखाद्या कवितेच्या दोन ओळी उद्धृत करतो तेव्हा त्या ओळी त्याच्या मालकीच्या नसतात, तरीही त्याला कुणी चोर म्हणत नाही. त्या ओळींच्या मागेपुढे त्याचे स्वतःचे प्रतिपादन असते आणि त्या प्रतिपादनासाठीच त्या ओळी तेथे आलेल्या असतात, हे वाचकाने गृहीत धरलेले असते. अवतरणाची ही कसोटी साहित्याच्या वर्गात आपण इतक्या सहजपणे वापरतो की ती कधी न्यायालयात मांडली जाईल असे वाटत नाही. ती मांडली गेली, आणि तीही कवितेच्या नव्हे, तर रोजच्या बातम्यांच्या संदर्भात. तो खटला म्हणजे बेल्जियममधील ‘कोपीप्रेस विरुद्ध गूगल’.

गूगलने जानेवारी २००६ मध्ये बेल्जियमसाठी ‘गूगल न्यूज’ ही सेवा सुरू केली. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील बातम्या यंत्राद्वारे गोळा करायच्या, त्या विषयवार लावायच्या आणि प्रत्येकीचा मथळा, सुरुवातीच्या एकदोन ओळी व मूळ पानाचा दुवा वाचकापुढे ठेवायचा, असे तिचे स्वरूप होते. ‘कोपीप्रेस’ ही बेल्जियममधील फ्रेंच व जर्मन भाषांतील दैनिकांच्या प्रकाशकांची संस्था. ‘ल स्वार’, ‘ला लिब्र बेल्जिक’ यांसारख्या दैनिकांच्या वतीने ती ब्रसेल्सच्या न्यायालयात गेली. तिची तक्रार दुहेरी होती. पहिली तक्रार मथळे व ओळी परवानगीवाचून दाखवण्याविषयी. दुसरी साठवणुकीविषयी : शोधयंत्र पानांच्या प्रती आपल्याकडे ठेवी आणि ‘कॅश’ या दुव्यातून त्या कुणालाही दाखवी. लेख काही दिवसांनी दैनिकाच्या सशुल्क संग्रहात जाई, पण गूगलकडील साठवलेली प्रत फुकट वाचता येई.

५ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने कोपीप्रेसच्या बाजूने निकाल दिला. त्या सुनावणीला गूगल हजर नव्हते. मजकूर काढला नाही तर दिवसाला दहा लाख युरो दंड, असा आदेश निघाला. शिवाय निकालपत्र गूगलच्या बेल्जियन मुखपृष्ठावर पाच दिवस झळकवण्याची सक्ती झाली. गूगलच्या हरकतीनंतर १३ फेब्रुवारी २००७ रोजी पुन्हा निकाल लागला. दंड दिवसाला २५,००० युरोंवर आला, पण मूळ निर्णय कायम राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते या दुसऱ्या निकालापाशी. ‘आम्ही केवळ अवतरणे देतो’ हा गूगलचा एक बचाव होता. न्यायालयाने तो नाकारला. अवतरण हे टीका, विवेचन, अध्यापन अशा एखाद्या हेतूच्या आधाराला येते. येथे तर उद्धृत मजकूर हाच सारा मजकूर होता आणि त्याला जोडून कुणाचेही भाष्य नव्हते. लेखकांची नावे गाळणे आणि लेखाचा तुकडा पाडणे, यांत लेखकाच्या नैतिक हक्कांचाही भंग झाला, असे ठरले. ज्यांना नको असेल त्यांनी यंत्राला मनाई करणारी सूचना आपल्या पानावर लावावी, या युक्तिवादावर न्यायालयाचे उत्तर असे की, प्रताधिकार हा मागाहून हरकत घेण्याचा हक्क नाही. तो आधी परवानगी देण्याचा हक्क आहे.

त्याच सुमारास, जानेवारी २००६ मध्ये, अमेरिकेतील नेवाडाच्या न्यायालयाने नेमका उलटा कौल दिला होता. ‘फील्ड विरुद्ध गूगल’ या खटल्यात एका वकील-लेखकाने आपल्या संकेतस्थळावरील ५१ रचनांच्या साठवलेल्या प्रतींबद्दल दावा लावला होता. मनाईची सूचना कशी लावतात हे ठाऊक असूनही त्याने ती लावली नाही. तेव्हा त्याचे मौन हीच संमती, असे न्यायालयाने मानले. एकाच यंत्राच्या एकाच कृतीकडे पाहताना एक न्यायालय ‘दार का लावले नाही?’ असे विचारते, तर दुसरे ‘आत येण्यापूर्वी विचारले का?’ असे.

पण बातमी मुळात कुणाच्या मालकीची असते का? घटना कुणाचीच नसते. बर्न कराराने रोजच्या निव्वळ वार्तेला संरक्षणाबाहेर ठेवले आहे. वार्ताहराची असते ती शब्दरचना. अडचण अशी की, बातमीचे सार पहिल्याच वाक्यात सांगण्याची वृत्तलेखनाची रीत आहे. कादंबरीच्या पहिल्या दोन ओळी वाचून कादंबरी वाचून होत नाही; बातमी मात्र पुष्कळदा तेवढ्यातच वाचून होते. म्हणून ‘दोनच तर ओळी’ हे समर्थन येथे लंगडे पडते. डेन्मार्कमधील वृत्तकात्रणांच्या ‘इन्फोपॅक’ खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले की, लेखकाची स्वतंत्र निर्मिती दिसत असेल तर अकरा शब्दांच्या अंशालाही संरक्षण मिळू शकते.

ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने ५ मे २०११ रोजी निकाल कायम केला. त्यानंतरचा प्रसंग उद्बोधक आहे. जुलै २०११ मध्ये गूगलने या दैनिकांना बातम्यांच्या सेवेतूनच नव्हे, तर मुख्य शोधयंत्रातूनही वगळले. दैनिकांनी याला सूडबुद्धी म्हटले, आणि काही दिवसांतच ती परतली. खटला जिंकलेल्याला आपण कुणाला सापडतच नाही, याची धास्ती वाटली होती. डिसेंबर २०१२ मध्ये तडजोड झाली. परस्परांच्या माध्यमांत जाहिराती देणे हा तिचा एक भाग होता, आणि मजकुराचे मोल आपण देत नसल्याचे गूगलने त्या वेळी स्पष्ट केले. पुढे युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात वृत्तप्रकाशकांना स्वतंत्र हक्क दिला, मात्र दुवे आणि ‘अगदी छोटे अंश’ मोकळे ठेवले. किती छोटे, हे शब्दसंख्येत सांगितले नाही.

‘कॅश’चा तो दुवा गूगलने २०२४ मध्ये काढून टाकला. त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. तक्रार पुन्हा बातम्यांच्या साठवणुकीची आणि वापराची; फरक इतकाच की, हे नवे यंत्र वाचलेले बहुधा आपल्याच शब्दांत सांगते. अवतरणात उद्धृत करणाऱ्याने दुसऱ्याचे ऋण मान्य केलेले असते. ब्रसेल्सच्या न्यायालयाला निदान एवढे तरी दिसत होते की, या ओळी कुणाच्या आहेत. अवतरणचिन्हेच गळून पडतात तेव्हा ते ऋण मोजायचे कशाने, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाइतकाच आपलाही आहे.