यकृतातील गाठींचे निदान : इलास्टोग्राफीचा उपयोग आणि मर्यादा

यकृतात गाठ आढळल्यानंतर ती साधी आहे की कर्करोगाची, हे ठरविणे उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. त्यासाठी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला जातो. मात्र या बायॉप्सीमध्ये रक्तस्रावाचा धोका असल्याने, शरीराला इजा न करणाऱ्या तपासण्यांचा शोध सुरू झाला. इलास्टोग्राफी ही त्यांपैकीच एक होय.

रोगट भाग निरोगी भागापेक्षा कठीण लागतो, हे वैद्यकास पूर्वापार ठाऊक आहे. हाच कठीणपणा अल्ट्रासाऊंडद्वारे मोजण्याचे तंत्र १९९१ मध्ये जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांडले. ‘शिअर वेव्ह’ प्रकारात ध्वनिलहरींच्या दाबाने ऊतींमध्ये सूक्ष्म कंप निर्माण केले जातात. ऊती जितकी कठीण, तितका कंपांचा वेग अधिक असतो. या वेगावरून कठीणपणा किलोपास्कलमध्ये काढला जातो.

कर्करोगाच्या गाठी सर्वसाधारणपणे साध्या गाठींपेक्षा कठीण असतात. अन्य अवयवांतून यकृतात पसरलेला कर्करोग आणि पित्तनलिकेचा कर्करोग विशेष कठीण आढळतात. तथापि, या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. ‘फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया’ ही साधी गाठ तंतुमय ऊतींमुळे बरीच कठीण असू शकते. याउलट, सिऱ्हॉसिस झालेले यकृतच कठीण बनलेले असल्याने त्यात उद्भवलेला कर्करोग सभोवतालच्या भागापेक्षा मऊ भासू शकतो. त्यामुळे केवळ कठीणपणाच्या आकड्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांमध्ये कॉन्ट्रास्टसह केलेल्या सीटी किंवा एमआरआय तपासणीत विशिष्ट लक्षणे दिसल्यास बायॉप्सीविनाही निदान होऊ शकते. शंका उरल्यास बायॉप्सी करावी लागते.

या तंत्राचा सर्वाधिक प्रस्थापित उपयोग यकृताचा तंतुमयपणा मोजण्यासाठी होतो. राजधानी दिल्लीत वसंत कुंज येथील यकृत व पित्तविज्ञान संस्था, अर्थात आयएलबीएस, तसेच अन्य मोठ्या रुग्णालयांमध्ये ‘फायब्रोस्कॅन’ ही तपासणी केली जाते. आयएलबीएस ही दिल्ली सरकारची स्वायत्त संस्था असून डॉ. शिवकुमार सरीन तिचे संस्थापक संचालक आहेत. फायब्रोस्कॅन गाठीचे चित्र दाखवीत नाही. त्यामुळे त्याचा अहवाल समाधानकारक असला तरी यकृतात गाठ नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

निरोगी यकृताचा कठीणपणा साधारणतः ५ किलोपास्कलच्या आसपास असतो. १५ किलोपास्कलहून अधिक मोजमाप दीर्घकालीन आजार बळावल्याचे सूचित करते. नुकतेच झालेले जेवण, तीव्र कावीळ किंवा हृदयविकारामुळे यकृतात साठलेले रक्त यांमुळेही हा आकडा वाढू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान तीन तास काही न खाण्याचा सल्ला दिला जातो.

हिपॅटायटीस ‘बी’ व ‘सी’, मद्यपान आणि चरबीयुक्त यकृत ही सिऱ्हॉसिसची प्रमुख कारणे आहेत. हिपॅटायटीसच्या मोफत निदान व उपचारांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सिऱ्हॉसिस झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, अशी शिफारस आहे. गाठ लहान असतानाच लक्षात आल्यास शस्त्रक्रिया किंवा यकृत प्रत्यारोपणाद्वारे रोगमुक्तीची शक्यता अधिक असते.