गल्लीच्या मांजराचं सुतक

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर संगम माहुली नावाचे गाव आहे. तेथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. महाराज १७४९ साली वारले. त्यांच्या समाधीजवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीत वाघ अंगावर येत असता खंड्या भुंकला, महाराज सावध झाले आणि वाचले. पुढे या कुत्र्याला पालखीचा मान मिळाला, त्याच्या नावे जहागीर लागली, अशी कथा सातारकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. कथेतला मीठमसाला बाजूला ठेवला, तरी एवढं खरं, की एका जनावरासाठी दगड घडवावा असं कुणाला तरी वाटलं.

पण श्रोतेहो, खंड्याला धनी होता, आणि तो धनी छत्रपती होता. राजाचे कुत्रे, सरदाराचा घोडा, देवळाचा हत्ती, यांच्या समाध्या इतिहासात सापडतात. जे जनावर कुणाचेच नाही, चार घरी दूध पिते आणि पाचव्या घराच्या वळचणीला निजते, ते मेले तर त्याचे सुतक कुणी धरायचे? आपल्याकडे सुतक नात्याने लागते. गल्लीच्या मांजराला गोत्र कुठलं!

या बाबतीत एक जुनी लेखी साक्ष मिसर देशाची आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार तेथे गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की घरातले मांजर आपल्या मरणाने मेले म्हणजे घरातली सगळी माणसे भुवया भादरून घेतात. मेलेली मांजरे बुबास्तिस या नगरीत नेऊन, मसाले भरून पुरीत. पुढे इसवी सनापूर्वी साठाच्या सुमारास डायोडोरस हा दुसरा ग्रीक लेखक तेथे होता. त्याच्या डोळ्यांदेखत एक प्रकार घडला. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले. रोमची तेव्हा सगळ्यांनाच दहशत. राजाने आपले अधिकारी रदबदलीला पाठवले. तरीही जमावाने त्या माणसाला जिवंत सोडले नाही. आता याला शोक म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. मांजर तेथे देवतेचे होते, आणि देवतेच्या कोपाची भीती होती. आपल्याकडेही मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे म्हातारी माणसे सांगत. तेही पापाचे भय. मांजर गेल्याचे दुःख त्यात शोधू नये.

दुःख पाहायचे असेल तर इस्तंबूलला जावे लागते. तुर्कस्तानातले हे शहर आजही मांजरांचे शहर म्हणून ओळखले जाते. याची कारणे देवघरातली थोडी आणि व्यवहारातली अधिक. हे मोठे बंदर. जहाजांवर उंदीर, म्हणून जहाजांवर मांजरे. गावात जुनी घरे लाकडाची, गोदामे धान्याची. मांजराला हाकलून चालणारच नव्हते. शिवाय इस्लामी परंपरेत मांजराला अपवित्र मानत नाहीत. पैगंबरांच्या एका साथीदाराचे टोपणनाव अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, असे होते. झोपलेले मांजर उठू नये म्हणून पैगंबरांनी आपली बाही कापली, अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण जुन्या विश्वसनीय संग्रहांत ती मिळत नाही. शिक्षक मंडळींनी ती गोष्ट म्हणूनच सांगावी. उस्मानी अमदानीत या शहरात ‘मांजाजी’ नावाचे फेरीवाले हिंडत. ते मांसाचे तुकडे विकत, आणि ते तुकडे घेऊन लोक रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांना घालीत.

मात्र याच शहराने एक भयंकर गोष्टही केली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. इस्तंबूलची कुत्री त्या काळी जगप्रसिद्ध होती. १८६७ साली मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक तेथे गेला, त्यानेही त्यांच्यावर पाने खर्ची घातली. प्रत्येक मोहल्ल्याची आपली कुत्री असत. दुसऱ्या मोहल्ल्याचे कुत्रे हद्दीत आले की ती तुटून पडत. कचरा तीच साफ करीत, रात्रीची राखणही तीच करीत. १९०८ साली तुर्कस्तानात क्रांती झाली आणि नव्या विचारांच्या मंडळींचा अंमल सुरू झाला. त्यांना राजधानी युरोपातल्या शहरांसारखी स्वच्छ, नीटनेटकी दिसायला हवी होती. त्यात ही कुत्री बसेनात. १९१० साली ती हजारोंनी पकडली आणि मार्मारा समुद्रातल्या सिव्रीआदा या बेटावर नेऊन सोडली. कुणी साठ हजार म्हणतात, कुणी ऐंशी हजार. बेट खडकाळ, ओसाड. ना खायला, ना प्यायला गोडे पाणी. कुत्र्यांनी एकमेकांना फाडून खाल्ले, काही पोहत निघाली आणि बुडाली. बेटाकडून वारा सुटला की त्यांचे रडणे शहरात ऐकू येई, असे त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवले आहे. पुढे १९१२ साली बाल्कन युद्ध झाले, तुर्कांचा पराभव झाला, मुलूख गेला. तेव्हा कित्येकजण म्हणाले, हा त्या मुक्या जिवांचा तळतळाट. इतिहासाचा विद्यार्थी असे कारण मान्य करणार नाही. परंतु लोकांना ते कारण पटले, हा देखील इतिहासच आहे. आपल्या मोहल्ल्याची कुत्री सरकारने नेली, आपण पाहत राहिलो, ही बोच त्या समजुतीत आहे.

या पार्श्वभूमीवर २०१६ सालची हकीकत ऐका. इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर कादिकोय भागात झिवरबे नावाची वस्ती आहे. तेथल्या एका रस्त्यावर एक लठ्ठ मांजर राहत असे. नाव टोंबिली. म्हणजे आपल्या भाषेत ढब्बू. रस्त्याच्या कडेच्या पायरीवर पुढच्या पायाचे कोपर टेकायचे, पोट सैल सोडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसायचे, ही त्याची सवय. एखादे पाटील लोडाला टेकून गावचा कारभार न्याहाळत बसावेत, अगदी तसं! त्या बैठकीचे छायाचित्र जगभर गेले. १ ऑगस्ट २०१६ रोजी हे मांजर आजारी पडून मेले.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी, १५ जुलैच्या रात्री, तुर्कस्तानात लष्करातल्या एका गटाने सत्ता घेण्याचा प्रयत्न केला होता. रस्त्यांत रणगाडे आले, अडीचशेच्या आसपास माणसे बळी पडली, आणीबाणी पुकारली गेली, धरपकड चालू होती. अशा दिवसांत एका मांजरासाठी हळहळ! कुणी म्हणेल, ही शहरी लोकांची चोचले पुरवण्याची तऱ्हा. पण मला निराळे दिसते. जिथे मोठ्या दुःखाबद्दल उघड बोलायचीही चोरी होती, कुणाच्या बाजूचे म्हणून बोलतो असे शेजारी विचारील याचे भय होते, तिथे हे एक दुःख असे होते, की त्यात पक्ष नव्हता. समोरच्या घरातल्या माणसालाही तेच वाटत होते. गल्लीच्या मांजराला गोत्र नाही म्हणतात. इथे अख्खी गल्लीच त्याचे गोत्र झाली.

लोकांनी पुतळ्याची मागणी केली. सुमारे सतरा हजार सह्या जमल्या. सेवाल शाहिन या शिल्पकार बाईंनी पुतळा घडवला: तीच पायरी, तीच टेकण, तेच पोट. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी, जागतिक प्राणी दिनी, त्याचे अनावरण झाले आणि शेकडो लोक जमले. माहुलीची समाधी धन्याच्या उपकाराची फेड होती. या मांजराने कुणाचा जीव वाचवला नव्हता, वाघ पाहून ते ओरडले नव्हते. ते रोज तेथे बसत होते, एवढेच.

याचा अर्थ इस्तंबूलने १९१० चा हिशेब चुकता केला, असा मात्र नाही. ३० जुलै २०२४ रोजी तुर्की संसदेने भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा कायदा केला, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी त्या बेटाचीच आठवण दिली. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव खोटा नाही. आपल्या गावीही लहान मुलांना ती चावतात, हे तुम्ही जाणताच. मांजरावर माया करणे सोपे, कुत्र्यांच्या टोळीवर अवघड.

टोंबिलीच्या पुतळ्याचे आणखी एक सांगायचे राहिले. अनावरणाला महिना-सव्वा महिना झाला असेल, तोच नोव्हेंबरात तो कुणीतरी रातोरात पळवला. झिवरबेची वस्ती पुन्हा एकदा हळहळली, वर्तमानपत्रांनी बातमी दिली, देशभर संताप झाला. दोन-तीन दिवस गेले. मग एके दिवशी पुतळा परत त्याच जागी आला.  तो त्याच्या पायरीवर पुन्हा बसवण्यात आला.