नाव सांगा, बाई!

मतदार यादीतलं आपलं नाव आपण कधी नीट वाचलंय का? आज त्या नावाचीच गोष्ट सांगतो.

इंग्रजांच्या राज्यात मत मोजक्यांनाच होतं. १९१७ साली सरोजिनी नायडू आणि त्यांच्याबरोबरच्या बायका मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटल्या, बायकांनाही मत द्या म्हणाल्या. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात ते मिळालं, पण मालमत्तेची अट होती. बाईच्या नावावर जमीन किती घरांत होती? पुढे १९३५ च्या कायद्याने मालमत्तेवाल्याच्या बायकोलाही मत दिलं. म्हणजे तेही नवऱ्याच्या दारातूनच!

स्वतंत्र भारताने ती अट काढली. २१ वर्षांची प्रत्येक बाई मतदार झाली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करणारे दारोदार गेले, तेव्हा उत्तरेकडच्या बऱ्याच बायका नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’, एवढंच. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायची रीत नव्हती. आपल्याकडे नवऱ्याच्या नावासाठी उखाणा लागतो, तिथे स्वतःचंच अडलं.

निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली, तिथे याद्या पुष्कळ सुधारल्या. राजस्थानात मुदत देऊनही फारसं कुणी पुढे आलं नाही. देशातल्या सुमारे आठ कोटी बायकांपैकी जवळपास २८ लाख यादीबाहेर राहिल्या.

आम्हाला हा निर्णय कठोर वाटतो. पण पटतोही. कारण नुसतं ‘रामाची बायको’ लिहिलं, तर मत द्यायला आलेली बाई तीच कशावरून?