संप्रेरकांचे ग्राही : एका शोधाचा इतिहास

इ. स. १८९४ मध्यें डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हां स्तनाच्या कर्करोगावर मिरजेंत काय आणि लंडनांत काय, शस्त्र हाच एक उपाय होता. गांठ कापावी आणि ती पुन्हां उद्भवूं नये अशी ईश्वराची प्रार्थना करावी, यापलीकडे वैद्याच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. पुढील शंभर वर्षांत या रोगाविषयींची समजूत कशी पालटली, आणि तिचा लाभ सातारा-सांगलीकडील स्त्रीस मिळणें कोणत्या साध्या गोष्टीवर अवलंबून आहे, हें पाहण्यासारखें आहे.

पहिला धागा ग्लासगो शहरांत सांपडला. तेथील शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांस एक गोष्ट ठाऊक होती : व्यालेल्या गाईचे अंडाशय काढून टाकले, तर ती दीर्घकाळ दूध देत राहते. म्हणजे हे दोन अवयव शरीरांत दूर असले तरी त्यांचें कांहीं नातें असलें पाहिजे. १८९५ सालीं त्यांनीं, कर्करोग उलटलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय काढले. कांहीं महिन्यांत तिच्या गांठी विरल्या. १८९६ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. परंतु हाच उपाय इतर स्त्रियांवर करतां सुमारें तिघींपैकीं एकीसच गुण येई, आणि ती कोणती हें आधीं सांगतां येत नसे.

अंडाशयांतून रक्तांत उतरणारें मुख्य संप्रेरक तें इस्ट्रोजेन. त्याचा एक प्रकार १९२९ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आला. १९३४ सालीं प्रोजेस्टेरॉनहि मिळालें. पण रक्त तर सर्व अवयवांत फिरतें. मग हीं द्रव्यें ठराविक ठिकाणींच कार्य कां करितात? याचें उत्तर शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनीं १९६० च्या सुमारास दिलें. इस्ट्रोजेनास किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण बांधून त्यांनीं तें उंदरांस टोंचलें. स्नायूंत तें आलें आणि गेलें. गर्भाशयांत मात्र थांबून राहिलें. टपालवाला आळींतील प्रत्येक दारावरून जातो, पण पत्र घेतलें जातें तें त्या नांवाच्या घरींच. पेशींत पत्र घेणारा जो प्रथिनाचा रेणु असतो, त्यास ‘ग्राही’ म्हणतात. स्तन, गर्भाशय, हाडें, मेंदू अशा अनेक ठिकाणीं तो असतो. कर्करोगाच्या ज्या गांठींत तो असतो, तिच्या वाढीस इस्ट्रोजेनाचें बळ मिळतें. बीटसन यांच्या कोड्याचा उलगडा येथें झाला.

१९७५ सालीं कॅथरिन हॉरविट्झ व विल्यम मॅग्वायर यांनीं आणखी एक गोष्ट पुढें मांडली. प्रोजेस्टेरॉनाचा ग्राही पेशींत तयार होतो तो इस्ट्रोजेनाच्या ग्राहीच्या आज्ञेनें. म्हणून दुसरा आढळला तर पहिला नुसता हजर नसून कामावरहि आहे, असें समजावें. याच सुमारास टॅमॉक्सिफेन हें औषध प्रचारांत आलें. तें स्तनाच्या पेशींत ग्राहीची जागा अडवून बसतें. ग्राही असलेल्या रोगांत पांच वर्षें ही गोळी घेतल्यास मृत्यूचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें घटतें. ग्राही नसल्यास लाभ नाहीं.

आरंभीं ही परीक्षा ताज्या, गोठविलेल्या मांसावरच होई. जिल्ह्याच्या गांवीं ती अशक्यच. पुढें प्रतिपिंडांच्या साह्यानें मेणाच्या ठोकळ्यांतील मांसहि रंगवितां येऊं लागलें, आणि मिरजेचा वा कऱ्हाडचा ठोकळा मुंबईपर्यंत प्रवास करूं शकला.

पण येथेंच एक पेंच उभा राहिला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील ७९८ गांठींचा अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेनाचा ग्राही सुमारें ३३ टक्के, तर प्रोजेस्टेरॉनाचा सुमारें ४६ टक्के गांठींत आढळला. आज्ञा देणारा कमी आणि आज्ञेनें उपजणारा अधिक, हें कसें? पुढील वर्षांत त्याच रुग्णालयानें हजारों गांठी तपासल्या, तेव्हां ही विसंगति घटत गेली, आणि दोहोंपैकीं एक तरी ग्राही निम्म्याहून अधिक गांठींत दिसूं लागला. स्त्रियांची प्रकृति थोडक्या वर्षांत बदलत नाहीं. सुधारली ती परीक्षेची रीत.

या रीतीचा पाया शस्त्रक्रियेच्या खोलींतच घातला जातो. काढलेली गांठ एका तासाच्या आंत कापून भरपूर फॉर्मॅलिनांत पडली पाहिजे, आणि तेथें ६ ते ७२ तास राहिली पाहिजे. ती तशीच पडून राहिली, तर ग्राही नष्ट होतो आणि कागदावर ‘नाहीं’ असें उमटतें. मग जिला गोळीनें आयुष्य लाभलें असतें, ती स्त्री त्या गोळीस मुकते.

मिरजेस १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कऱ्हाडासहि वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचारासाठीं दूर जाण्याची गरज पूर्वींइतकी उरलेली नाहीं. तरी घरांतील कोणावर अशी शस्त्रक्रिया झाल्यास, दोन्ही ग्राहींची परीक्षा झाली काय आणि गांठ फॉर्मॅलिनांत केव्हां घातली, हे दोन प्रश्न कुटुंबीयांनीं डॉक्टरांस अवश्य विचारावेत. उत्तर संशयास्पद वाटल्यास तोच ठोकळा, किंवा गांठीचा दुसरा तुकडा, पुन्हां तपासून घेतां येतो. म्हणून ठोकळा जपून ठेवण्यास सांगावें.