पांढरी बट आणि अडलेलं पोट : एका पेशीच्या प्रवासाचा इतिहास

"डॉक्टर, ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. त्यामुळंच झालं का हे?"

चंदगड भागात प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. बाळाचा ओठ फाटलेला असतो, किंवा जन्मतःच कपाळावर केसांची पांढरी बट असते, आणि घरातलं कुणीतरी बाळंतिणीकडं बोट दाखवतं. बिचारी आधीच खचलेली असते, त्यात हा आरोप.

या प्रश्नाला "नाही" एवढं उत्तर पुरत नाही. मग काय कारण, हेही सांगावं लागतं. ते कारण शोधायला शास्त्रज्ञांना शंभरावर वर्षं लागली, आणि त्यातला एक महत्त्वाचा दुवा आपल्या मुंबईत सापडला. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

बांधावरून निघालेल्या पेशी

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकून जेमतेम एक-दोन आठवडे झालेले असताना, बाळाच्या पाठीकडच्या बाजूला पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा शेताच्या बांधासारख्या वर उचलल्या जातात, एकमेकींना मिळतात आणि एक नळी तयार होते. या नळीतून पुढं मेंदू आणि मज्जारज्जू बनतो.

त्या उचललेल्या कडांवरच्या काही पेशी मात्र नळीत थांबत नाहीत. त्या सुटतात आणि शरीरभर चालू लागतात. यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. काही चेहऱ्याकडं जातात आणि जबडा, गाल, टाळू यांची हाडं-कूर्चा घडवतात. काही कातडीत आणि केसांच्या मुळांशी जाऊन रंग तयार करतात. काही अंतर्कर्णात जातात. काही आतड्याच्या भिंतीत शिरून तिथलं मज्जातंतूंचं जाळं विणतात.

१८६८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात विल्हेल्म हिस यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात हा पेशींचा पट्टा पहिल्यांदा नोंदवला. १८७९ मध्ये इंग्लंडच्या आर्थर मिल्न्स मार्शल यांनी त्याला 'न्यूरल क्रेस्ट' हे नाव वापरलं. १८९३ मध्ये ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेनं दाखवलं की डोक्यातली काही कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरापासून येते. कूर्चा फक्त मधल्या थरापासूनच बनते, असं त्या काळी सगळे मानत. त्यामुळं त्यांचं कुणी ऐकलं नाही. विद्यापीठात त्यांना कायमची जागा मिळाली नाही. पुढं त्या कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या शहराच्या महापौर झाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे जगानं बऱ्याच वर्षांनी मान्य केलं.

लाव्याच्या पेशी कोंबडीत

अडचण अशी होती की या पेशी एकदा चालू लागल्या की बाकीच्या पेशींत मिसळून जातात. जत्रेच्या गर्दीत एखाद्याचा माग काढावा, तसं ते काम. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांना १९६९ मध्ये एक सोपी युक्ती सापडली. लावा पक्ष्याच्या पेशीचं केंद्रक रंग दिल्यावर कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळं, गडद ठिपक्याचं दिसतं. त्यांनी लाव्याच्या गर्भातल्या न्यूरल क्रेस्ट पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या. आता सूक्ष्मदर्शकाखाली कुठली पेशी कुठं पोचली हे स्पष्ट ओळखता येऊ लागलं. पांढऱ्या कोंबडीच्या पिलाला लाव्यासारखी गडद पिसं आलेलीही दिसली, कारण पिसांना रंग देणाऱ्या पेशी लाव्याच्या होत्या.

डॉक्टर चुकीचा भाग कापत होते

आता पोटाकडं वळू. १८८६ मध्ये डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमधल्या सभेत दोन बाळांची माहिती मांडली. दोघांनाही जन्मापासून शी होत नव्हती, पोट फुगलेलं होतं, आणि दोघंही दगावली होती. आतून पाहिलं तर मोठं आतडं प्रचंड फुगलेलं. हा फुगलेला भागच आजारी, असं त्यांना वाटलं. पुढची साठ वर्षं बहुतेक डॉक्टर असंच समजत राहिले. फुगलेला भाग कापून टाकला तरी त्रास पुन्हा व्हायचा.

१९४८ मध्ये बोस्टनमधले सर्जन ऑर्व्हर स्वेन्सन यांनी गणित उलटं मांडलं. फुगलेला भाग निरोगी असतो. त्याच्या खालचा, दिसायला साधा आणि बारीक भाग आजारी असतो, कारण तिथं मज्जापेशीच नसतात. आतड्याचा तो तुकडा सैल होत नाही आणि शी पुढं ढकलत नाही, म्हणून वरचा भाग तुंबून फुगतो. त्यांनी खालचा भाग काढून निरोगी आतडं गुदद्वाराशी जोडलं, आणि मुलं वाचू लागली.

तिथं मज्जापेशी का नसतात? १९५४ मध्ये इंटेमा आणि हॅमंड यांनी कोंबडीच्या गर्भात मानेजवळच्या भागातल्या न्यूरल क्रेस्ट पेशी काढून टाकल्या, तेव्हा आतड्यातलं मज्जाजाळं तयारच झालं नाही. म्हणजे या पेशी मानेकडून निघून, आतड्यातून चालत अगदी शेवटपर्यंत जायच्या असतात. माणसात हा प्रवास साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतो.

आपल्याकडं कालव्याचं पाणी टेलच्या शेताला मिळत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. इथंही तसंच. पेशी कमी निघाल्या, हळू चालल्या किंवा वाटेतच थांबल्या, तर आतड्याचा शेवटचा भाग कोरडा राहतो. म्हणून हा आजार नेहमी खालच्या टोकाकडून सुरू होतो. साधारण ५,००० बाळांत एकाला तो असतो, आणि मुलांत जास्त आढळतो.

मुंबई, १९८१

१९५१ मध्ये नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ वार्डेनबर्ख यांनी एक वेगळीच जोडी नोंदवली होती : कपाळावरची पांढरी बट, वेगळ्या रंगाचे डोळे आणि जन्मजात बहिरेपण. रंग आणि ऐकणं यांचा काय संबंध? अंतर्कर्णात रंगाच्या पेशी लागतात, त्या नसतील तर कान नीट काम करत नाही. मांजरांत, कुत्र्यांतही हे दिसतं.

१९८१ मध्ये मुंबईचे डॉ. कृष्णकुमार शहा आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ पीडिॲट्रिक्स'मध्ये पाच कुटुंबांतल्या बारा नवजात बाळांची माहिती छापली. या बाळांची कपाळावरची बट पांढरी, भुवया-पापण्या पांढऱ्या, बुबुळांच्या रंगात फरक, आणि त्याचबरोबर आतड्याचा बराच लांब भाग मज्जापेशींविना. केसांचा रंग आणि पोटाचं अडणं एकाच बाळात, तेही एकाच घरात पुन्हा पुन्हा. आज जगभरच्या पुस्तकांत या आजाराला वार्डेनबर्ख-शहा सिंड्रोम म्हणतात. हा योगायोग नव्हता. दोन्ही कामं त्याच बांधावरून निघालेल्या पेशींची होती. अशा आजारांना १९७४ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट बोलांद यांनी 'न्यूरोक्रिस्टोपथी' असं एकत्र नाव दिलं होतंच. लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सरही याच घराण्यातला.

१९९० च्या दशकात यामागची जनुकं सापडली : ईडीएनआरबी, ईडीएन-३ आणि सॉक्स-१०. घोड्यांतही ईडीएनआरबी बिघडलं की पूर्ण पांढरं शिंगरू जन्मतं आणि पोट अडून काही दिवसांत मरतं. त्या घोडीनं ग्रहणात काही चिरलेलं नसतं.

पहिल्या दोन जनुकांत बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. दोघं स्वतः निरोगी दिसू शकतात. अशा जोडप्यात प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडं आहे. नात्यात लग्न झालं की अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, म्हणून लग्नाआधी किंवा पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्यावा. सॉक्स-१० चा बदल पुष्कळदा बाळातच नव्यानं होतो. कुठल्याही प्रकारात हा कुणाचा गुन्हा नाही.

तुम्ही काय पाहायचं?

• पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळी-हिरवी शी बहुधा २४ तासांत होते. ४८ तासांत झाली नाही, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर घुटी, एरंडेल, साबणाची कांडी यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. लहान मुलांचे सर्जन असतील अशा मोठ्या दवाखान्यात बाळ पोचलं पाहिजे. हिरवी उलटी असेल तर ४८ तासांचीही वाट पाहू नका.

• आतड्याचा छोटा तुकडा तपासून निदान होतं. ऑपरेशन होतं. काही बाळांना थोडे दिवस पोटावरून शीची वाट करून द्यावी लागते. ते पाहून घाबरू नका.

• जन्मतः पांढरी बट, निळे किंवा दोन रंगांचे डोळे असतील तर बाळाच्या कानाची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. नुसती पांढरी बट असलेल्या बहुतेक मुलांचं पोट ठीक असतं. ही बट म्हणजे नंतर येणारं कोड नव्हे, आणि दोन्हीही स्पर्शानं पसरत नाहीत.

• फाटलेला ओठ, टाळू, बहिरेपण यांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. आशाताईंना विचारा.

आणि ज्या घरात असं बाळ जन्मलंय, तिथल्या सासूबाईंना, आजींना माझी एक विनंती. ओठाची, बटेची, आतड्याची घडण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होऊन जाते. त्यातली सुरुवात तर सून गरोदर आहे हे घरात कळायच्या आधीच झालेली असते. विळीचा, ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही. सुनेला बोलण्यात जो वेळ जाईल, तेवढ्यात बाळ दवाखान्यात पोचू शकतं. अशा बाळाच्या बाबतीत पहिला दिवस, दुसरा दिवस, हेच सगळ्यात मोलाचे असतात.